भुकेचा हिशेब

‘ताटातलं टाकू नकोस, तिकडे लोकांना खायला मिळत नाही.’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे मूल मोठं होत नाही. त्यातलं ‘तिकडे’ मात्र दर पिढीला बदलत गेलं आहे. आमच्या लहानपणी ते बिहारात होतं, १९६६-६७ च्या दुष्काळात. १९७२ साली ते आपल्या दारातच आलं. मिलोच्या भाकरी आणि सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना त्या चवीची आठवण करून द्यावी लागत नाही. पुढे १९८४ साली इथिओपियातल्या हाडांच्या सापळ्यासारख्या मुलांची छायाचित्रं घरोघर पोचली आणि ‘तिकडे’ म्हणजे आफ्रिका, हे जवळजवळ कायमचं ठरून गेलं. आजची मुलं हीच चित्रं हातातल्या मोबाइलवर पाहतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या दारफूरमधल्या झमझम छावणीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं, तेव्हा ती बातमी आपल्या कॉलेजातल्या मुलांना आपल्या आधी कळली होती.

मुलांना काही कळत नाही, त्यांना कशाचं सोयरसुतक नाही, ही आपली नेहमीची तक्रार मला खरी वाटत नाही. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसं भुकेली होती, म्हणजे साधारण दर बारा माणसांत एक, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. असे आकडे मुलांना ठाऊक असतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ते छापलेलेच असतात. अडचण वेगळीच आहे. भूक म्हणजे दूर कुठेतरी घडणारी, युद्धामुळे किंवा पावसाअभावी होणारी आणि छायाचित्रात दिसणारी गोष्ट, असं मुलांच्या मनात पक्कं बसलं आहे. घरापासून दोन-तीन किलोमीटरवरची भूक छायाचित्रात येत नाही, म्हणून ती भूक वाटत नाही.

भिवंडी तालुक्यातलं दिघाशीसारखं गाव घ्या. हा अंबाडी-वज्रेश्वरीकडचा, भातशेतीचा पट्टा. भिवंडी म्हटलं की पूर्वी यंत्रमाग आठवत, आता गोदामं आठवतात. मुंबईच्या घरांत जे जे येतं, त्यातलं पुष्कळसं या तालुक्यातल्या गोदामांतून जातं. तांदूळ, तेल, बिस्किटं, लहान बाळांचे पौष्टिक आहाराचे डबे, सगळं. या भागातली शिकलेली मुलं त्याच गोदामांत खोकी मोजायच्या नोकऱ्या करतात. आणि याच तालुक्यात दिवाळी झाली की वीटभट्ट्या लागतात. कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं आपल्या वाड्या-पाड्यांतली घरं बंद करून भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं घेऊन टेम्पोतून भट्टीवर येतात. तिथे विटांच्याच आडोशाला गवत, पेंढा, प्लास्टिक टाकून झोपडी उभारतात. तिला भोंगा म्हणतात. पाऊस येईपर्यंत ते कुटुंब त्या भोंग्यात राहतं. रस्त्याने जाणाऱ्याला माती तुडवणारी माणसं आणि विटांच्या रांगा दिसतात. त्यात उपाशी कोणी दिसत नाही. सगळे तर काम करताहेत!

बँकेच्या नोकरीतली माझी काही वर्षं या तालुक्याच्या ग्रामीण भागात गेली. तो एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा काळ होता. सातव्या योजनेत वर्षाला ६,४०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेलं कुटुंब गरीब धरलं जाई आणि त्याला म्हैस, शेळ्या, बैलजोडी अशा गोष्टींसाठी अनुदानासह कर्ज मिळे. अर्जात ‘वार्षिक उत्पन्न’ असा एक रकाना असे. कातकरी माणसासमोर बसून तो भरताना मला पहिल्यांदा समजलं, की या माणसाला वर्षाचं उत्पन्न असं काही नसतंच. त्याला असतो तो बयाणा.

बयाणा म्हणजे आगाऊ घेतलेली उचल. तिचं चक्र साधं आहे. आषाढात भाताची आवणी होते, तोवर शेतावर मजुरी असते. आवणी आटोपली की काम संपतं. पावसात भट्टी बंद. भात कापणीला अजून दोन-अडीच महिने असतात. श्रावण-भादव्यात घरातलं धान्य संपलेलं असतं. मग रानातले कंद, नदी-ओढ्यातले मासे-खेकडे यांवर दिवस काढायचे. त्यात कोणी आजारी पडलं, लग्न निघालं, गणपती आले, की भट्टीवाल्याकडून किंवा त्याच्या मुकादमाकडून बयाणा घ्यायचा. दिवाळीनंतर सगळ्या कुटुंबाने तो फेडायला भट्टीवर जायचं. तिथे आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, तीही त्याच खात्यावर मांडली जाते. जेठात हिशेब होतो. बऱ्याचदा हातात थोडकंच पडतं, कधी उलट अंगावर निघतं. पुन्हा पाऊस, पुन्हा रिकामं घर.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर भादव्यातल्या भुकेसाठी पुढच्या सात-आठ महिन्यांचे श्रम गहाण पडतात. गहाणवट म्हटली की आपल्याला जमीन किंवा दागिना आठवतो. इथे नवरा-बायकोचे हात गहाण असतात आणि हाताशी आलेल्या पोरांचेही. सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी आदिवासींना खावटी कर्ज देण्याची योजना महाराष्ट्रात १९७८ पासून होती. करोनाच्या काळात, २०२० साली, खावटीचं अनुदान म्हणून कुटुंबाला ४,००० रुपये देण्याचं ठरलं, २,००० रोख आणि २,००० चा किराणा. ‘खावटी’ हा शब्दच सांगतो की हे पीककर्ज नाही, धंद्याचं कर्ज नाही. हे खाण्यासाठीचं कर्ज आहे.

‘पण आता रेशनवर धान्य फुकट मिळतं ना?’ हा प्रश्न घराघरात विचारला जातो, आणि तो रास्त आहे. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्यातलं धान्य खरोखरच मोफत आहे. तेव्हा हिशेब करून पाहू. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. घरात पाच माणसं धरली तर माणशी ७ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे २३३ ग्रॅम. त्यातून साधारण ८०० कॅलरी मिळतात. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० कॅलरी लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली म्हटलं आहे. भट्टीवर माती तुडवणं, विटा पाडणं, डोक्यावरून वाहणं याहून कठीण मेहनत कोणती असणार? म्हणजे फुकटचं धान्य त्याच्या गरजेच्या पाव हिश्श्यालाही पुरत नाही. उरलेली भूक डाळ, तेल, भाजी, अंडी यांनी भागवायची, आणि ती विकत घ्यायला मजुरी रोख हातात हवी. ती तर भादव्यातच खाऊन झालेली असते. हे रेशन नसतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. पण रेशन आहे म्हणून भूक नाही, हे म्हणणं हिशेबात बसत नाही.

हा हिशेब एखाद्या बारावीतल्या मुलालाही करता येईल. माझं म्हणणं एवढंच आहे, की भुकेची खरी जाणीव तिथून सुरू होते. दया हा तिचा उंबरठा असतो. पुष्कळ मुलं त्या उंबरठ्यापर्यंत येतात आणि तिथूनच परत फिरतात.

उंबरठा ओलांडलेल्या एका मुलाची गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा शांतिनिकेतनात राहणारा अमर्त्य सेन नावाचा मुलगा नऊ वर्षांचा होता. दारावर भुकेल्यांच्या रांगा येत. आजोबांनी त्याला सिगारेटचा एक रिकामा डबा दिला आणि त्यात मावतील तेवढे तांदूळ मागायला येणाऱ्यांना द्यायची परवानगी दिली, पण एका कुटुंबाला एकदाच. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली असं मानलं जातं. हा मुलगा मोठा होऊन अर्थशास्त्रज्ञ झाला आणि त्या दुष्काळाचे आकडे घेऊन बसला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने दाखवलं, की १९४३ साली बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ साली तर दुष्काळ नव्हता. युद्धकाळात भाव चढले आणि शेतमजूर, मासेमार, कारागीर यांच्या कमाईत ते धान्य घेण्याची ताकद उरली नाही. तांदूळ होता, पण तो विकत घ्यायला पैसा नव्हता. डबाभर तांदूळ देणारा हात चांगलाच होता. पण ‘हे लोक आमच्या दारी का आले?’ हा प्रश्न त्या मुलाने पुढे चाळीस वर्षं सोडला नाही.

गोदामांच्या भिवंडीत हे समजायला फार लांब जावं लागू नये. २००१ साली अन्न महामंडळाची गोदामं धान्याने ओसंडत होती आणि राजस्थानात दुष्काळाने माणसं उपाशी होती. त्यावर काही कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने शाळांतून शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी जी खिचडी शिजते, तिच्यामागे तो आदेश आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्याला तर या हिशेबाची स्वतःची परंपरा आहे. गोदावरी परुळेकर या पुण्यातल्या नामांकित वकिलाच्या घरातल्या, स्वतः कायदा शिकलेल्या. वारली आदिवासींची वेठ आणि लग्नगडी पद्धत त्यांनी जवळून पाहिली. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबत राहायचं, ती ही पद्धत. बयाण्याची ही थोरली बहीणच म्हणायची. मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची परिषद भरली. तिथे वेठ बंद करण्याचं ठरलं, आणि त्याबरोबर दिवसाला बारा आणे मजुरीची मागणीही ठरली. पुढे गवतकापणीसाठी पाचशे पौंडांना अडीच रुपये असा दर मागितला गेला. इतक्या मोठ्या लढ्याच्या मुळाशी आणे-पैचा हिशेब होता. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

असाच हिशेब पुढे एका तरुण डॉक्टराने केला. राज्यात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला चार रुपये ठरली होती. विदर्भातल्या डॉ. अभय बंग यांनी मजुराला लागणाऱ्या अन्नाचा त्यामागचा हिशेब तपासला, तो अपुरा असल्याचं दाखवलं आणि मजुरी बारा रुपये हवी असं मांडलं. सरकारला मजुरी वाढवावी लागली. दवाखान्यात बसून औषधं देण्यापेक्षा कॅलरींच्या त्या कागदाने किती पोटांत जास्तीची भाकर गेली असेल!

मात्र हिशेब एकदा करून संपत नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारने लोकांना काम दिलं. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसं खडी फोडत होती, तलाव खणत होती. म्हणून महाराष्ट्राचा तेव्हा बंगाल झाला नाही, आणि त्याच अनुभवातून आपली रोजगार हमी योजना कायद्यात आली. पण त्यानंतर वीस वर्षांनी, १९९२ साली, मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं मेली. ऑगस्ट २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यात मुलाच्या कफनासाठी पाचशे रुपये उसने घेतलेल्या एका आदिवासी बापाला वेठीने राबवून घेतल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. त्याआधी त्या बापाने जीव दिला होता. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. आणि आपल्या या संपन्न राज्यात पाच वर्षांखालची वाढ खुंटलेली मुलं २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १०० पैकी ३४.४ होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ झाली. दर तीन मुलांत एक. ही सगळी मुलं मेळघाटात आणि मोखाड्यातच राहत असतील, असं कोणी समजू नये.

तरुणांना हे दाखवायचं कसं? वाढदिवसाला आश्रमशाळेत केक कापायचा, बिस्किटांचे पुडे वाटायचे, छायाचित्रं काढायची आणि संध्याकाळी परत यायचं, ही पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. त्यात वाईट काही नाही. पण त्यातून मूल शिकतं ते एवढंच, की आपण देणारे आहोत आणि ते घेणारे आहेत. पुण्यातली ‘मैत्री’ ही संस्था १९९७ पासून मेळघाटात काम करते. भर पावसाळ्यात, जेव्हा बाळं सर्वांत जास्त दगावतात, तेव्हा शहरातल्या स्वयंसेवकांच्या तुकड्या काही दिवसांसाठी तिथल्या गावांत जाऊन राहतात. रोज घरोघर जायचं, बाळाचं वजन करायचं, जुलाब होत असतील तर मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवायचं, जास्त आजारी असेल त्याला दवाखान्यात पोचवायचं. यात छायाचित्रासारखं काही नाही. पण असे दहा दिवस काढलेलं मूल बदलून येतं, कारण त्याने भूक वजनकाट्यावर पाहिलेली असते. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ साली ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला, तोही तरुणांना समाजातले असे प्रश्न जवळून पाहायला लावणारा आहे.

अंगणवाडीत एक साधी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल अतितीव्र कुपोषित. आपल्या मुलांना सांगा, कागदाची साडेअकरा सेंटिमीटरची पट्टी कापून तिचं कडं करा आणि आईच्या बांगडीत ठेवून पाहा. नेहमीच्या मापाच्या बांगडीचा घेर अठराच्या आसपास असतो. त्या कड्यातून चार वर्षांच्या पोराचा दंड सहज आत जातो, ही गोष्ट ६७ कोटींच्या आकड्यापेक्षा लवकर समजते.

इथवर मी ‘आपली’ मुलं म्हणताना पांढरपेशा घरातली मुलं धरून बोलत होतो. पण भूक म्हणजे काय हे ज्यांना कोणी सांगावं लागत नाही, त्या तरुणांनाही जाग यावी लागते. आणि ती जास्त मोलाची असते. १९८० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई-भिवंडी भागात वेठबिगारांची सुटका करायला सुरुवात केली, श्रमजीवी संघटना उभी राहिली. त्यांच्याच ‘विधायक संसद’ने १९९० च्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा भोंग्यापर्यंत गेली. भट्टीवरच्या पोराला अंक आले, बेरीज-वजाबाकी आली, म्हणजे काय झालं? बापाच्या बयाण्याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. तो वाचणारं कोणीतरी घरात तयार झालं.

नोकरीत असताना असाच एक बाप आपल्या मुलीला घेऊन बँकेत आला होता. मुलगी नववीत. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायला त्याने हात पुढे केला, तर ती म्हणाली, ‘थांब बाबा. साहेब, आधी वाचून दाखवा. किती घेतले, किती भरायचे आणि कधी?’ मी वाचून दाखवलं. तिने वहीत तीन आकडे उतरवून घेतले आणि मगच बापाला म्हणाली, ‘आता कर.’ भुकेवर मी ऐकलेल्या भाषणांत याहून नेमकं भाषण मला आठवत नाही.

पालकांची एक भीती मला ठाऊक आहे. मुलांच्या मनावर आत्ताच हे ओझं कशाला? अभ्यास आहे, परीक्षा आहेत. मुलगा उद्या सगळं सोडून मेळघाटात निघाला तर? सगळेच निघत नाहीत, आणि निघायची गरजही नाही. पण तुमचा मुलगा उद्या गोदामाचा व्यवस्थापक होईल, अभियंता होईल, तहसील कचेरीत बसेल, घर बांधेल. त्या घराच्या विटा कोणी तरी पाडलेल्या असतील. मजुराला पैसे देताना, कंत्राट ठरवताना, रेशन कार्डाचा अर्ज पुढे सरकवताना त्याला हा हिशेब येत असेल, तर पुष्कळ भूक तिथल्या तिथे थांबेल. बंगालपासून मोखाड्यापर्यंत भुकेचा इतिहास हेच सांगतो, की ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी मेजावरच्या कागदातून जाते.

यंदाही दिवाळीनंतर टेम्पो भरून कुटुंबं भट्ट्यांवर येतील. आपल्या गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला भोंगे उभे राहतील. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन तिकडे जा, पण हातात बिस्किटांचे पुडे नकोत. तिथल्या बाईशी नीट ‘ताई’ म्हणून बोलायला सांगा. पोरं कुठल्या शाळेत होती, इथे जवळची अंगणवाडी कुठली, रेशन इथे मिळतं का, एवढंच विचारा. देशभर कुठेही रेशन घेता येण्याची सोय झालेली आहे, पण तिला ते कोणी सांगितलं आहे का, ते पाहा. नसेल, तर तुमच्या मुलाला तिच्याबरोबर रेशन दुकानापर्यंत जाऊ द्या. अंगणवाडी सेविकेला त्या भोंग्यातल्या बाळाचं नाव कळवू द्या. घरी आल्यावर वाण्याच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याला आपल्या घराचा महिन्याचा खर्च मांडू द्या, आणि शेजारी तिचा.